संत जॉन बॉस्को : पितृछत्र हरपलेला बालक, निराधारांचा पिता

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. त्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील तुरिन शहराजवळच्या बेक्की या वाडीत एका शेतकरी कुटुंबात झाला. जॉन दोन वर्षांचाही नव्हता तोच, मे १८१७ मध्ये, वडील फ्रान्सिस न्यूमोनियाने निवर्तले. त्यातच दुष्काळ पडला. वृद्ध सासू, सावत्र मुलगा अँथनी आणि स्वतःची दोन मुले यांचा भार विधवा मार्गारिटा यांच्यावर आला. त्यांना अक्षरओळख नव्हती. पण प्रार्थना आणि धर्मशिक्षण मुलांनी त्यांच्याच तोंडून घेतले.

जॉनला शिकून धर्मगुरू व्हावयाचे होते. शेतकऱ्याच्या मुलाला पुस्तके कशाला, असे थोरल्या अँथनीचे मत होते. घरातील कलह टाळण्यासाठी १८२८ मध्ये मातेने अवघ्या बारा वर्षांच्या जॉनला दुसऱ्यांच्या शेतावर चाकरीस पाठविले. पुढे वृद्ध धर्मगुरू फादर कालोस्सो यांनी त्याला लॅटिन शिकविण्यास प्रारंभ केला आणि पितृप्रेमही दिले. मात्र नोव्हेंबर १८३० मध्ये त्यांचेही निधन झाले. मृत्युशय्येवरून त्यांनी पैशांच्या पेटीची किल्ली जॉनच्या हाती दिली होती. त्या पैशांत त्याचे शिक्षण सहज झाले असते. परंतु जॉनने ती किल्ली त्यांच्या नातेवाइकांच्या स्वाधीन केली.

१८३१ मध्ये तो किएरी येथील शाळेत दाखल झाला, तेव्हा सोळा वर्षांचा जॉन लहान मुलांच्या वर्गात बसला. शिकवण्या घेऊन आणि कॉफीगृहात काम करून त्याने खर्च भागविला. १८३५ मध्ये त्याने सेमिनरीत प्रवेश केला आणि ५ जून १८४१ रोजी त्यास गुरुदीक्षा मिळाली.

त्या काळी कामाच्या शोधात तुरिनला येणारी कित्येक मुले रस्त्यावर भटकत व तुरुंगात जात. फादर बॉस्को यांनी त्यांना एकत्र केले. १८४६ मध्ये वाल्दोक्को येथील एका छपरात त्यांच्या कार्यास स्थिर जागा मिळाली. त्याच वर्षी मार्गारिटा आपले गाव सोडून तेथे आल्या आणि १८५६ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या मुलांची आई होऊन राहिल्या. १८५३ पासून तेथे चांभारकाम व शिवणकामाच्या कार्यशाळा सुरू झाल्या. त्यापाठोपाठ पुस्तकबांधणी व सुतारकामाच्याही. शिक्षा करण्यापेक्षा विवेक, धर्म आणि वात्सल्य यांनी मुलास वळण लावावे, ही त्यांची शिक्षणपद्धती होती.

१८५९ मध्ये त्यांनी सालेशियन संस्था स्थापिली. १८८८ मध्ये ते प्रभुचरणी विलीन झाले व १९३४ मध्ये त्यांना संतपद प्राप्त झाले. १९०६ मध्ये सालेशियन धर्मगुरू तंजावरला आले; मुंबईत माटुंग्याची डॉन बॉस्को शाळा आपल्या परिचयाची आहेच.

प्रिय भाविकहो, जॉनच्या यशामागे निरक्षर मातेची श्रद्धा होती आणि वेळ देणारे एक वृद्ध धर्मगुरूही होते. आपल्या धर्मग्रामातही फी भरता न आल्याने किंवा वडिलांच्या निधनामुळे शाळा सोडू पाहणारे एखादे मूल असेल. त्याचे फादर कालोस्सो आपल्यापैकी कोण होणार?