शब्दांनी मोजलेलं अंतर

काळेवाडी फाट्यावर कुणाला पत्ता विचारला तर उत्तर मीटरमध्ये येत नाही. ‘दोन चौक सरळ जा, मग डावीकडे, तिथून तिसरी गल्ली.’ वळणांची ही यादी म्हणजेच अंतर, असं गणितानेही एकदा मानलं आणि त्यातून भूमितीची नवी शाखा उभी राहिली. तिची ही कुळकथा.

मूळपुरुष आर्थर केली. ‘गट’ म्हणजे अशा कृतींचा संच की दोन कृती एकापाठोपाठ केल्या तरी संचातलीच कृती मिळते आणि प्रत्येक कृती उलटवता येते. 1878 साली केलीने गटाचं चित्र मांडलं: प्रत्येक कृतीचा एक ठिपका, आणि काही मोजक्या मूळ पावलांच्या रेघांनी ते जोडलेले.

पुढे माक्स डेनने पावलांच्या यादीला ‘शब्द’ मानून विचारलं: हा शब्द चालून गेलं की आपण निघालो तिथेच परततो का? पृष्ठभागांपासून येणाऱ्या गटांसाठी त्याने 1912 साली उत्तर शोधायची रीत दिली. दोन ठिकाणांमधला सर्वांत छोटा शब्द हेच त्यांचं अंतर.

या अंतराची करामत बघा. सरळ उभ्या-आडव्या गल्ल्यांच्या जाळ्यात 10 पावलांच्या आत 221 चौक येतात. प्रत्येक चौकात चारच रस्ते ठेवले, पण झाडाच्या फांद्यांसारखे ते पुन्हा कधी एकमेकांना मिळालेच नाहीत, तर त्याच 10 पावलांत 1,18,097 चौक! वाढीचा हा वेग आणि अवकाशाची वक्रता यांचं नातं श्वार्त्सने 1955 मध्ये आणि मिल्नरने 1968 मध्ये, एकमेकांवर विसंबून न राहता, दाखवलं.

मूळ पावलं बदलली तर अंतरंही बदलतात, पण ठरावीक पटीतच. म्हणून जवळचे बारकावे सोडून द्यावेत आणि दुरून जे टिकतं तेच पाहावं. मिखाइल ग्रोमोव्हने 1987 साली याच नजरेने ‘हायपरबोलिक’ गट घडवले. तिथे त्रिकोण कितीही मोठा असो, त्याची कुठलीही बाजू उरलेल्या दोन बाजूंपासून एका ठरावीक अंतरापलीकडे जात नाही.

या घराण्याची एक शाखा आपल्या दारात आहे. वर्तुळाची रेषा न तुटता अख्खा गोल व्यापते, असं कॅनन आणि थर्स्टन यांना एका विशिष्ट रचनेत आढळलं होतं. अशी अखंड वाट पृष्ठभागांच्या सर्वच क्लाइनीय गटांसाठी, म्हणजे त्रिमितीय हायपरबोलिक अवकाशातल्या हालचालींच्या गटांसाठी, मिळते, ही महान महाराजांची सिद्धता 2014 साली प्रसिद्ध झाली. रामकृष्ण संघाचे हे संन्यासी तेव्हा बेलूरला होते. नंतर ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

पवनेच्या काठावर उभं राहिलं की पलीकडची पिंपरी हाकेच्या अंतरावर दिसते. पण तिथे जायचं तर पुलापर्यंतची वळणं मोजावीच लागतात. तीच मोजणी केलीच्या ठिपक्यांपासून इथवर आली आहे.