न उडालेला बार

१९८८ सालचा डिसेंबर. मी सोलापूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात होतो आणि एन.सी.सी.त होतो. कॅम्पच्या चौथ्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा फायरिंग रेंजवर नेलं. समोर मातीचा उंच बांध, त्यावर फडकणारा लाल झेंडा, पंचवीस मीटरवर कागदी निशाणं आणि सतरंजीवर पालथे पडलेले आम्ही आठ जण. हातात पॉइंट टू-टूची रायफल आणि प्रत्येकाला मोजून पाच काडतुसं.

शिकवायला सातारा जिल्ह्यातले एक हवालदार होते. पलटणीच्या रिवाजाप्रमाणे आम्ही त्यांना ‘उस्ताद’ म्हणायचो. पुढं मी कविता करू लागलो आणि गझलेच्या उस्तादांपाशीही बसलो. पण माझे पहिले उस्ताद हेच.

चार बार नीट उडाले. पाचव्याला मी चाप ओढला आणि नुसता ‘टक्’ असा आवाज आला. काय करावं सुचेना. ‘उस्ताद, अडकली’ असं सांगायला मी उठून बसलो आणि मागं वळलो. माझ्याबरोबर रायफलही वळली. पुढच्याच क्षणी उस्तादांनी नळी मुठीत धरून जमिनीकडं दाबली होती आणि त्यांचा गुडघा माझ्या खांद्यावर होता. ‘रुक!’ अशी आरोळी झाली आणि सगळी रेंज थांबली.

रायफल रिकामी झाल्यावर उस्ताद म्हणाले, ‘‘पोरा, न उडालेला बार फुसकाच असतो असं नाही. कधी कधी तो उशिरा उडतो. नळी समोरच ठेवायची, हात वर करायचा, थांबायचं.’’

पुढं वाचनात आलं, की जगभरच्या रेंजवर हा नियम आहे. चाप ओढल्यावर काडतुसातली दारू क्वचित थोडा वेळ घेऊन पेटते, म्हणून नळी निशाणाकडंच ठेवून निदान अर्धा मिनिट थांबायला सांगतात. बाकीचे नियमही असेच साधे आहेत. जेफ कूपर या अमेरिकेच्या माजी मरीन अधिकाऱ्यानं ते चार वाक्यांत बांधले. प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा. जे नष्ट करायचं नाही त्यावर नळी रोखू नका. नेम धरल्याशिवाय चापावर बोट नेऊ नका. निशाण ओळखा आणि त्याच्यामागं काय आहे तेही बघा. शिवाय धोका दिसला तर ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क रेंजवर प्रत्येकाला असतो, अगदी कालच्या पोरालाही. हे नियम माणूस चांगला की वाईट, हे विचारत नाहीत. माणूस चुकतो, एवढंच ते धरून चालतात.

त्या रात्री तंबूत मात्र वेगळा हिशेब चालू होता. अंधारात एक जण म्हणाला, ‘‘काय मियाँ, नेम कुणावर होता?’’ सगळे हसले, मीही हसलो. पण मला झोप लागली नाही. काडतूस माझ्या हातात फसलं होतं आणि कारण माझ्या नावात शोधलं गेलं होतं.

पुढं कधीतरी इतिहास वाचताना एका मलाय माणसाची हकीकत माझ्यासमोर आली आणि तो तंबू आठवला.

मलाय भाषेतला ‘अमोक’ हा शब्द इंग्रजीनं उचलला. एखादा शांत माणूस अचानक शस्त्र घेऊन समोर येईल त्यावर तुटून पडतो, त्याला अमोक म्हणत. युरोपियन प्रवाशांनी याबद्दल पुष्कळ लिहून ठेवलंय. १७७० साली कॅप्टन कुकचं जहाज बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, थांबलं होतं. त्या प्रवासाच्या वृत्तान्तात याचं कारण अफू असं दिलेलं आहे. बाहेरून आलेल्या माणसाला एकच कारण हवं असतं, आणि ते लगेच हवं असतं.

पेनांग बेटावर सुनान नावाचा एक मलाय कारागीर होता. घरं बांधायचा, गावात मान होता. ८ जुलै १८४६ रोजी तो अमोक झाला. त्याच्या हातून अनेक निरपराध माणसं मेली, त्यांत म्हातारी बाई होती, लहान मूल होतं. मेलेल्यांपैकी कुणाशीही त्याचं वैर नव्हतं. हे भयंकर होतं, त्याला दुसरा शब्द नाही.

खटल्यात साक्षी झाल्या. त्याची बायको आणि मूल नुकतीच वारली होती. हा माणूस कामावर जाताना त्या मुलाला बरोबर घेऊन जायचा. मूल गेल्यापासून त्याचं कामातलं लक्ष उडालं, चेहरा पालटला. तो दारू पीत नव्हता. बायको आणि मूल गेल्याचं दुःख तो रोज बोलून दाखवायचा. त्या सकाळीही एकानं त्याला नावेच्या कामाला बोलावलं, तेव्हा ‘मला फार दुःख आहे, मला काम होणार नाही’ असं तो म्हणाला. त्याचे हात वस्त्राखाली झाकलेले होते आणि तो सारखा ‘अल्ला, अल्ला’ म्हणत होता.

मंडळी, इथं मी थांबलो. आमच्या घरात आजोबा गेले तेव्हा आजी भिंतीला टेकून दिवसभर हेच दोन शब्द म्हणत होती. शेजारच्या काकू त्यांचा मुलगा गेला तेव्हा ‘देवा, देवा’ म्हणत होत्या. दुःख फार झालं की माणसाकडं तेवढेच शब्द उरतात. पण पेनांगचे न्यायाधीश सर विल्यम नॉरिस यांना त्यात दुःख ऐकू आलं नाही. असले अमोक मुसलमानच करतात, तेव्हा मूळ त्यांच्या धर्मात आहे, असं त्यांनी मानलं. १३ जुलैला शिक्षा सुनावली आणि १५ जुलैला सुनानला फाशी झाली. घटनेपासून फाशीपर्यंत फक्त आठवडा. पुढं १८४९ साली सिंगापूरहून निघणाऱ्या लोगनसाहेबांच्या नियतकालिकात नॉरिस यांचा लेख आला. मलाय अमोकांचा संबंध मुसलमानी धर्माशी, असा त्याचा मथळाच होता.

गंमत अशी, की त्याच नियतकालिकात त्याच वर्षी सिंगापूरचे डॉक्टर थॉमस ऑक्सली यांनीही लिहिलं. त्यांच्या मते हा रोग होता आणि त्याचं मूळ बहुधा पचनाच्या बिघाडात होतं! एकाला धर्म दिसला, दुसऱ्याला पोट. मूल गमावलेला बाप मात्र कारणांच्या यादीत आला नाही.

आता त्याच काळातलं लंडन पाहा. २० जानेवारी १८४३ रोजी डॅनियल मॅकनॉटन या स्कॉटिश कारागिरानं पंतप्रधान पील यांचे सचिव एडवर्ड ड्रमंड यांच्यावर मागून गोळी झाडली. पाच दिवसांनी ड्रमंड वारले. टोरी पक्षाची माणसं आपला सतत पाठलाग करतात, असा मॅकनॉटनचा भ्रम होता. मार्चमध्ये खटला चालला, डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि ज्यूरीनं त्याला वेडाच्या कारणानं निर्दोष ठरवलं. त्याला फाशी झाली नाही. उरलेली बावीस वर्षं त्यानं वेड्यांच्या इस्पितळांत काढली. राणी व्हिक्टोरिया या निकालावर रागावली, हाउस ऑफ लॉर्ड्सनं न्यायमूर्तींना प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून ‘मॅकनॉटन नियम’ तयार झाले.

हे नियम आपल्या घरातलेही आहेत. १८६०च्या भारतीय दंडसंहितेतलं ८४वं कलम याच विचाराचं. कृत्य करताना मनाच्या विकारामुळं आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हे ज्याला कळत नव्हतं, तो गुन्हेगार नाही. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तिच्यात हाच विचार २२व्या कलमात आहे. मॅकनॉटन आणि सुनान यांच्यात तीनच वर्षांचं अंतर. वर राज्यही इंग्रजांचंच. पेनांगचा कारभार तेव्हा कलकत्त्याहून चालत होता. एकाच्या बाबतीत कायद्यानं मनाची चौकशी केली, दुसऱ्याच्या बाबतीत जमातीची. सुनानला सोडायला हवं होतं असं मी म्हणत नाही. त्याच्याबद्दल तोच प्रश्न तितक्याच सावकाशीनं विचारायला हवा होता, एवढंच म्हणतो.

एक गोष्ट दोघांतही सारखी होती. मॅकनॉटननं ग्लासगोच्या पोलिसांकडं आधीच आपल्या छळाच्या तक्रारी केल्या होत्या. सुनान रोज बोलत होता. म्हणजे जे ‘अचानक’ घडलं ते कुणाच्या तरी कानावर आधी पडून गेलं होतं.

१ ऑगस्ट १९६६ रोजी अमेरिकेत ऑस्टिन इथं चार्ल्स व्हिटमननं टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार केला. हाही माजी मरीन, नेमबाजीत तरबेज. आदल्या रात्री त्यानं आई आणि बायकोला मारलं होतं. विद्यापीठात डझनाहून अधिक माणसं मेली. आपल्या डोक्यात काय बिघडलंय ते मेल्यावर तपासा, असं त्यानं लिहून ठेवलं होतं. तपासलं, तर मेंदूत गाठ निघाली. लोकांना वाटलं, सापडलं कारण! पण राज्यपालांनी नेमलेल्या तज्ज्ञांनी घाई केली नाही. गाठीचा वाटा असू शकेल, पण नक्की सांगता येत नाही, असं त्यांनी नोंदवलं. एक गोष्ट मात्र कागदावर होती. त्याच वर्षी मार्चमध्ये तो विद्यापीठातल्या मानसोपचारतज्ज्ञाकडं गेला होता आणि मनोऱ्यावर चढून शिकारीच्या रायफलनं माणसं मारावीत असे विचार येतात, असं बोलला होता.

अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसनं आणि शिक्षण खात्यानं २००२ साली शाळांतल्या ३७ हल्ल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत ४१ हल्लेखोर होते. ८१ टक्के घटनांत हल्लेखोराचा बेत किंवा विचार आधी निदान एकाला तरी ठाऊक होता. आणि हल्लेखोराचा असा एकच नमुना नसतो, चेहरा किंवा घराणं पाहून तो ओळखता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहिलं. नॉरिससाहेबांना हे वाचायला मिळायला हवं होतं!

पण नुसतं ऐकणंही पुरत नाही. त्यासाठी पुन्हा रेंजवरच यावं लागतं. ख्रिस काइल हा अमेरिकेचा गाजलेला नेमबाज सैनिक. युद्धावरून परतल्यावर तो मनानं खचलेल्या माजी सैनिकांना मदत करायचा. एका आईनं त्याला आपल्या मुलासाठी गळ घातली. हा मुलगाही माजी मरीन, थोड्याच दिवसांपूर्वी रुग्णालयातून घरी आलेला. २ फेब्रुवारी २०१३ रोजी काइल आणि त्याचा मित्र त्याला टेक्सासमधल्या एका रेंजवर घेऊन गेले. मन मोकळं होईल, असा हेतू. वाटेत गाडीतून काइलनं शेजारच्या मित्राला मोबाइलवर निरोप पाठवला, की हा माणूस पार वेडा आहे. मित्रानं उत्तर दिलं, की माझ्या पाठीवर लक्ष ठेव. तरी गाडी वळली नाही. त्या माणसानं रेंजवर दोघांनाही मारलं. २०१५ साली ज्यूरीनं वेडाचा बचाव फेटाळला आणि त्याला आजन्म कैद झाली.

काइलला बंदुकीचे सगळे नियम पाठ होते. मनातली शंका त्याला आली, ती त्यानं लिहूनही कळवली. पण ‘रुक’ हा शब्द मोठ्यानं म्हटला गेला नाही. प्रेमापोटी, भिडेपोटी, चांगल्या हेतूपोटी. दुःखी माणसाचं ऐकायलाच हवं. पण ते ऐकताना त्याच्या हातात भरलेली बंदूक नको. आणि हेही सांगायला हवं, की मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत. तेव्हा आजारालाच आरोपी करणं हीसुद्धा नॉरिससाहेबांचीच रीत झाली.

आजही कुठं गोळीबाराची बातमी आली, की आमच्यासारख्यांच्या घरात एक शांतता पसरते. मेलेल्यांसाठी हळहळ असतेच. पण मारणाऱ्याचं नाव काय निघतं, याकडंही कान लागलेला असतो. नाव कळलं की अर्ध्या लोकांचं कारण शोधणं तिथंच संपतं. आणि मग जे खरोखर विचारायला हवं, त्यानं आधी कुणाला काय सांगितलं होतं, शस्त्र त्याच्या हातात कसं राहिलं, ते विचारायचं राहून जातं. पुढचा बार तिथूनच उडतो.

त्या कॅम्पच्या शेवटच्या दिवशी उस्तादांनी मला रेंजच्या वहीवर सही करायला बोलावलं होतं. पोरांचं बोलणं त्यांच्या कानावर गेलं असावं, पण त्याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी मला विचारलं, ‘‘त्या दिवशी घाबरला होतास?’’ मी म्हटलं, ‘‘हो उस्ताद.’’ ते म्हणाले, ‘‘मग हात वर करायचा. मी आलो असतो.’’ आणि वही पुढं सरकवली. माझ्या नावासमोर लिहिलं होतं : काडतुसं ५. उडाली ४. न उडालेलं १, जमा.

मी सही केली.