एक देश एक रेशन कार्ड: दुसऱ्या राज्यात कामाला गेल्यावर धान्य कसे घ्यावे

तुम्ही ऊसतोडणीसाठी बीडहून बेळगावकडे जात असाल, किंवा खानदेशातून सुरतेला यंत्रमागावर कामाला असाल, तर गावचे रेशन कार्ड तिथेही चालते. त्यासाठी वेगळा अर्ज नाही आणि शुल्कही नाही. ९ ऑगस्ट २०१९ रोजी आंध्र प्रदेश-तेलंगणा आणि गुजरात-महाराष्ट्र या दोन जोड्यांमध्ये ही सोय सुरू झाली. जून २०२२ मध्ये आसाम सहभागी झाल्यावर ती सर्व राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत लागू झाली.

कोणते कार्ड चालते?

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखालील कार्ड, म्हणजे अंत्योदय किंवा प्राधान्य कुटुंब. कार्ड केशरी आहे एवढ्यावरून ठरवू नका. सर्वच केशरी कार्डे प्राधान्य गटात नसतात, म्हणून कार्डावरचा शिक्का पाहा किंवा निघण्यापूर्वी गावच्या दुकानदाराला विचारा. राज्य सरकारने स्वतःच्या खर्चाने दिलेले जादा धान्य, साखर, तेल किंवा सणाचा शिधा परराज्यात मिळत नाही.

दुकानात काय होते?

पूर्वी प्रत्येक दुकानाची स्वतःची नोंदवही असायची आणि त्यात नाव असलेल्यालाच धान्य मिळायचे. आता तुमच्या कुटुंबाचा हिस्सा सर्व्हरवर नोंदलेला असतो आणि कोणतेही ई-पॉस मशीन तो पाहू शकते. दुकानदाराला "बाहेरच्या राज्याचे कार्ड आहे" असे सांगा आणि कार्डाचा क्रमांक किंवा आधार क्रमांक द्या. कार्डावरील ज्या सदस्याचे आधार जोडलेले आहे, त्याने अंगठा लावायचा. मूळ कार्ड सोबत नसले तरी चालते, ते घरी राहू द्या.

१ जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. दुकानदाराने पैसे मागितले तर देऊ नका. गहू-तांदळाचे प्रमाण मात्र राज्याराज्यांत वेगळे असते, त्यामुळे गावी मिळतो तेवढा गहू तिथे मिळेलच असे नाही.

अर्धे कुटुंब गावी, अर्धे बाहेर

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. समजा प्राधान्य कार्डावर सहा जण आहेत. प्रत्येकी ५ किलो म्हणजे महिन्याला ३० किलो. आजी-आजोबा गावी राहिले आणि चौघे तोडणीला गेले. गावी १० किलो उचलले तर उरलेले २० किलो बाहेर घेता येतात. पण आजोबांनी एकदा अंगठा लावला आणि मशीनमध्ये ३० किलोची नोंद झाली, तर त्या महिन्यासाठी तिकडे शिल्लक शून्य दिसेल. बाहेरचा दुकानदार त्यात काही करू शकत नाही.

म्हणून निघण्यापूर्वी घरी ठरवून घ्या की कोण कुठे किती उचलणार. गावी राहणाऱ्यांना सांगा की अंगठा लावण्याआधी किलो बोलून दाखवायचे आणि पावती मागायची. वाचता येत नसेल तर पावती कोणाकडून तरी वाचून घ्यायची. 'मेरा राशन' या सरकारी अ‍ॅपवर शिल्लक आणि आधीच्या उचलीची नोंद पाहता येते. तुम्ही न उचललेले धान्य तिथे उचललेले दिसले, तर ती नोंदच तक्रारीचा पुरावा आहे.

अंत्योदय कार्डाला माणशी हिशोब लागू होत नाही. त्यात कुटुंबाला मिळून महिन्याला ३५ किलो असतात.

अंगठा जुळत नसेल तर

कोयता आणि विटा हाताळून बोटांच्या रेषा झिजतात, हे नवीन नाही. दुसरे बोट लावून पाहा, हात धुऊन पुसून लावा, नाहीतर कार्डावरील दुसऱ्या सदस्याला पाठवा. काही दुकानांत डोळ्यांच्या बुबुळावरून ओळख पटवण्याचे यंत्रही असते. मुलांचे बायोमेट्रिक ५ आणि १५ वर्षे पूर्ण झाल्यावर आधार केंद्रात अद्ययावत करावे लागते, ते राहून गेले तर मुलाचा अंगठा जुळत नाही. केवळ अंगठा जुळला नाही किंवा आधार नाही म्हणून पात्र कुटुंबाला धान्य नाकारू नये, असे केंद्राने २४ ऑक्टोबर २०१७ रोजीच राज्यांना कळवले आहे.

प्रत्येक सदस्याची ई-केवायसी राहिली असेल तर त्यासाठी गावी परतण्याची गरज नाही. तुम्ही जिथे आहात तिथल्या रेशन दुकानात विचारा. 'मेरा ई-केवायसी' अ‍ॅपवर चेहऱ्यावरूनही ती करता येते.

परराज्यात दुसरे कार्ड काढण्याच्या भानगडीत पडू नका. एकच आधार दोन कार्डांवर आढळले तर नाव कमी होऊ शकते, आणि ते पुन्हा लावून घेण्यात महिने जातात.

दुकानदार नाही म्हणाला तर

"तुमचा माल आम्हाला येत नाही" हे कारण ग्राह्य नाही, कारण बाहेरच्या कार्डांवर वाटलेल्या धान्याची नोंदही मशीनमध्ये होते आणि दुकानाला जादा साठा मागता येतो. साठा खरोखरच संपलेला असू शकतो, म्हणून महिनाअखेरीची वाट पाहू नका. तरीही नकार मिळाला तर १४४४५ या क्रमांकावर फोन करा. राज्याच्या रेशन हेल्पलाइनचा क्रमांक १९६७ आहे. लेखी तक्रार जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यावी, आणि ती दुकान ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या अधिकाऱ्याकडे. तक्रारीत दुकानाचा क्रमांक, तारीख, तुमचा कार्ड क्रमांक आणि मशीनवर आलेला संदेश लिहा. संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला तर उत्तम.