हँडल गेले, पाहणी राहून गेली

श्रोतेहो, शेतावरचे ऑइल इंजिन तुम्ही कधी हँडल मारून सुरू केले आहे का? पूर्वीची मोटारही अशीच सुरू होई. गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, हातब्रेक ओढला आहे ना, हे आधी पाहावेच लागे. नाहीतर गाडीच अंगावर यायची. इंजिनने उलटा झटका दिला, तर मनगट मोडायचे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारींना विजेचा स्टार्टर आला. कष्ट वाचले, पण गाडीपुढे उभे राहून तिच्याकडे पाहण्याची सक्तीही गेली.

ती पाहणी आता नव्या चालकाने आपणहून करायची आहे. गाडीभोवती एक फेरी मारा. चाकांतली हवा, दिवे, आरसे पाहा. ब्रेक दाबून बघा. पट्टा बांधा, मागे बसलेल्यांनाही बांधायला लावा. आणि वाटेची चौकशी करा. जुलै २०१९ मध्ये मुसळधार पावसाने मालाडच्या भुयारी मार्गात पाणी भरले आणि मोटारीत अडकून दोघांचा मृत्यू झाला. बाहेरून पाण्याचा दाब आला, की दार आतून ढकलून उघडणे फार कठीण. तिथे हात कितीही सराईत असला तरी काय उपयोग? ‘आज खालून नको, लांबच्या वाटेने जाऊ’, हे निघण्यापूर्वीच ठरवायचे असते.

गुरुजनहो, मुलांना एवढाच प्रश्न शिकवा : ‘बाबा, फेरी मारलीत का?’