बोरघाटांतला अपघात आणि भरपाईची वाट

मनुष्यानें रस्ता केला कीं त्या रस्त्यावर अपघात हा व्हावयाचाच. परंतु अपघातांत जो मेला किंवा पांगळा झाला, त्याच्या घरच्यांचें पुढें काय, हा प्रश्न रस्त्याच्या मानानें फार उशिरा विचारला गेला. आणि त्याचें उत्तर तर घाटाहूनही अधिक वळणें घेत खालीं उतरलें. कोंकण व देश यांना जोडणारा बोरघाट हें या इतिहासाचें उत्तम उदाहरण आहे. पायथ्याशीं खालापूर तालुक्यांतली खोपोली, उत्तरेस कर्जत, माथ्यावर खंडाळा व लोणावळें. मुंबई-पुणें वाहतुकीचा मोठा भार याच चिंचोळ्या उतारावर पडत आलेला आहे. येथें अपघात होतो तेव्हां जखमी मुंबईचा, गाडी कोल्हापूरची, मालक कर्नाटकांतला आणि विमा कंपनीची कचेरी चौथ्याच गांवीं, असें सहज घडतें. अशा वेळीं न्याय कोणाकडे मागावा, कोठें मागावा आणि तो मिळेतोंवर चूल कशी पेटवावी?

या प्रश्नाचें मूळ शोधूं लागलें म्हणजे प्रथम इंग्लंडांत जावें लागतें. १८०८ सालीं तेथें उतारूंची एक घोडागाडी उलटली. टपावर बसलेल्या पतिपत्नींपैकीं पत्नी सुमारें महिन्याभरानें इस्पितळांत वारली. पतीनें गाडीच्या मालकांवर दावा लावला, तेव्हां लॉर्ड एलनबरो या न्यायाधीशानें असा निर्णय दिला कीं, मनुष्याचा मृत्यु ही दिवाणी न्यायालयांत तक्रार करण्याजोगी हानि नव्हे. पतीला स्वतःच्या जखमांबद्दल पैसे मिळाले, पत्नी अंथरुणावर होती तेवढ्या दिवसांबद्दल मिळाले. तिच्या मरणाबद्दल कांहीं मिळालें नाहीं. म्हणजे उतारूला जखमी करण्यापेक्षां ठार करणें गाडीवाल्याला स्वस्त पडावें, असा हा न्याय होता. पुढें १८४६ सालीं लॉर्ड कँबेल यांच्या कायद्यानें तो बदलला, आणि त्याच धर्तीवर हिंदुस्थानांत १८५५ चा १३ वा कायदा आला. दुसऱ्याच्या दोषामुळें माणूस मेला तर त्याची पत्नी किंवा पति, आईबाप व मुलें यांच्यासाठीं भरपाई मागतां येईल, असें त्यानें ठरविलें. हक्काचा जन्म झाला तो असा.

या वेळीं बोरघाटांत काय चाललें होतें? सर जॉन माल्कम यांच्या गव्हर्नरकींत, १८३० सालीं, घाटांतून गाडीरस्ता खुला झालेला होता. कायद्यानंतर एकाच वर्षानें, म्हणजे १८५६ सालीं, आगगाडीसाठीं घाट फोडण्यास आरंभ झाला आणि १८६३ सालीं तो लोहमार्ग पुरा झाला. सुरुंग, दरडी, पटकी आणि ताप यांनीं हजारों मजूर त्या कामावर मेले. परमुलखांतून आलेल्या त्या मजुरांच्या विधवांनीं १८५५ चा कायदा कोणाकडून वाचून घ्यावा, वकील कोठून आणावा आणि कोर्टाचा रसूम कशांतून भरावा? हक्क होता, पण त्याच्यापर्यंत जाणारी वाट नव्हती. मजुरीच्या बाबतींत मात्र एक लहानशी वाट निघाली. थकलेल्या पगारावरून १८५९ च्या जानेवारींत घाटांत मजुरांचा दंगा झाला. आणि पुढच्याच वर्षीं असे तंटे मॅजिस्ट्रेटनें तडकाफडकीं तोडावे असा १८६० चा ९ वा कायदा झाला. गरिबाचा तंटा जवळच्या जागीं व थोडक्या दिवसांत तुटला पाहिजे, ही कल्पना या दोन तालुक्यांच्या माथ्यावर अशी उगवली. मोटारीच्या अपघातापर्यंत ती पोंचण्यास मात्र आणखी शंभर वर्षें लागलीं.

विसाव्या शतकांत मोटारी आल्या. १९१४ चा मोटार कायदा मुख्यतः परवाना, नोंदणी व वेग यांपुरता होता. १९२३ च्या कायद्यानें कामगाराला कामावर इजा झाली तर मालकानें भरपाई द्यावी असें ठरलें. त्यामुळें पुढें लॉरीचा ड्रायव्हर व क्लीनर यांनाही एक आधार मिळाला. रस्त्यानें चालणाऱ्यास मात्र तो नव्हता. १९३९ च्या मोटार कायद्यानें त्रयस्थाच्या इजेसाठीं गाडीचा विमा सक्तीचा केला. परंतु ती सक्ति अमलांत आली १ जुलै १९४६ रोजीं. तोंवर गाडीचा मालक कफल्लक निघाला तर जिंकलेला हुकूमनामाही कोरडा कागदच ठरे.

विमा आला तरी दिवाणी कोर्टाचा खर्च व दिरंगाई राहिलीच. मागितलेल्या रकमेच्या प्रमाणांत आधीं रसूम भरावयाचा आणि मग वर्षानुवर्षें तारखा मोजावयाच्या. ज्याचा कर्ता पुरुष गेला त्याच्याकडे नेमका पैसा नाहीं, आणि पैसा नाहीं म्हणून पैशाची मागणी करतां येत नाहीं, असा हा पेंच होता. तो सोडविण्यासाठीं १९५६ च्या दुरुस्तीनें मोटार अपघात दावे न्यायाधिकरणें निर्माण करण्याची तरतूद केली. साधारण माणसाला कोर्टाचा भारी खर्च झेपत नाहीं, म्हणून विम्याचा लाभ लोकांना पुरा होत नाहीं, हें सरकारनेंच त्या वेळीं मान्य केलें. तरीही दोन अडचणी उरल्या. अर्ज अवघ्या ६० दिवसांत करावा लागे. १९७० पासून ही मुदत सहा महिने झाली. आणि अपघात जेथें झाला तेथल्याच न्यायाधिकरणापुढें जावें लागे. कर्जत तालुका १८९१ सालीं ठाणें जिल्ह्यांतून कुलाब्यांत आला. तेव्हांपासून त्याचें जिल्ह्याचें ठिकाण म्हणजे समुद्रकांठचें अलिबाग. घाटांत मेलेल्या माणसाच्या गिरगांवांतल्या किंवा सदाशिव पेठेंतल्या विधवेनें प्रत्येक तारखेला त्या परक्या वाटेला लागावें, हें किती जणींना साधलें असेल?

यानंतरच्या पन्नास वर्षांत ही वाट थोडी थोडी जवळ येत गेली. १९८२ च्या दुरुस्तीनें, चूक कोणाची हें सिद्ध करण्यापूर्वींच मृत्यूबद्दल १५,००० व कायमच्या अपंगत्वाबद्दल ७,५०० रुपये देण्याची व्यवस्था केली. ठोकर देऊन पळालेल्या गाडीच्या बळींसाठींही स्वतंत्र निधि झाला. १९८७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गुजरातमधील एका खटल्यांत असें मानलें कीं, मृताच्या भावालाही भरपाई मागतां येते. १८५५ च्या कायद्यांत भावाला जागा नव्हती. एकत्र कुटुंबाच्या या देशांत ती मिळण्यास १३२ वर्षें लागलीं. पुणें-बंगळूर रस्त्यावर १९८७ सालीं पेट्रोलचा टँकर उलटला आणि कांहीं तासांनीं त्याचा स्फोट होऊन जवळ जमलेले लोक भाजून मेले. ही गाडीच्या वापरांतून घडलेलीच हानि होय, असा निर्णय १९९१ सालीं झाला. शेवटीं १४ नोव्हेंबर १९९४ पासून अर्जाची मुदतच काढून टाकण्यांत आली, आणि अर्जदाराला आपण राहतो तेथल्या न्यायाधिकरणाकडे जाण्याची मोकळीक मिळाली. बोरघाटासारख्या वाहत्या रस्त्यावर या एका दुरुस्तीचें मोल फार मोठें आहे.

कायदा जवळ आला तरी वकील लागतोच. मुंबईंत गरिबांना कायदेशीर मदत देणारी संस्था १९२४ च्या सुमारास निघाली होती. १९४९ सालीं मुंबई सरकारनें न्यायमूर्ति नटवरलाल भगवती यांच्या अध्यक्षतेखालीं या विषयावर समिति नेमली. पुढें त्यांचेच चिरंजीव न्यायमूर्ति प्रफुल्लचंद्र भगवती यांनीं, न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांच्यासह, मोफत कायदेशीर साहाय्याची चळवळ देशभर नेली. राज्यघटनेंत १९७६ च्या दुरुस्तीनें ३९-अ हें कलम आलें, आणि विधि सेवा प्राधिकरणांचा १९८७ चा कायदा ९ नोव्हेंबर १९९५ रोजीं अमलांत आला. त्याअन्वयें स्त्रिया, मुलें, अनुसूचित जाती व जमाती यांना उत्पन्नाची अट न घालतां सरकारी खर्चानें वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीकडे साधा अर्ज केला तरी काम सुरू होतें.

कर्जत-खालापुरांतल्या ठाकूर व कातकरी वाड्यांना या तरतुदीची गरज सर्वांत अधिक. लाकडाच्या मोळ्या घेऊन रस्त्याच्या कडेनें चालणारीं तीं माणसें. गाडी कोणती व कोणाची हें पाहण्यापूर्वींच ती निघून गेलेली असते. त्यांतच १ एप्रिल २०२२ पासून नवी दुरुस्ती लागू झाली आणि सहा महिन्यांची जुनी मुदत परत आली. कातकरी कुटुंब दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातें तें पावसाच्या तोंडाला परततें. तेवढ्यांत मुदत सरते. या अटीला न्यायालयांत आव्हान दिलें गेलें आहे. तरी शहाण्यानें सहा महिन्यांच्या आंतच अर्ज करावा. त्याच दुरुस्तीनें कांहीं चांगलेंही केलें. पोलिसांनीं अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा आणि न्यायाधिकरणानें त्यालाच अर्ज मानावयाचें, अशी तरतूद आहे. पळालेल्या गाडीच्या बळीसाठीं आतां मृत्यूबद्दल २ लाख व गंभीर दुखापतीबद्दल ५०,००० रुपये ठरले आहेत. त्यासाठीं प्रांत किंवा तहसीलदार यांच्या कचेरींत अर्ज द्यावा लागतो.

चूक सिद्ध न करतां मृत्यूबद्दल ५ लाख रुपये घेण्याचा मार्गही आहे. पण तो स्वीकारला कीं मोठा दावा संपतो, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. एक हिशेब पाहावा. तीस वर्षांचा मजूर महिना १२,००० रुपये मिळवितो. मागें पत्नी, दोन मुलें व आई आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २००९ व २०१७ सालीं घालून दिलेल्या रीतीप्रमाणें भावी वाढीचे ४० टक्के मिळवून १६,८०० होतात. त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जातां १२,६०० उरतात. वर्षाचे १,५१,२०० झाले. त्यांना या वयासाठीं ठरलेल्या १७ नें गुणिलें कीं २५,७०,४०० रुपये येतात. पांच लाख आणि पंचवीस लाख यांतलें अंतर म्हणजे योग्य वेळीं मिळालेला योग्य सल्ला.

१५ एप्रिल २०२३ च्या पहाटे जुन्या घाटरस्त्यावर, शिंग्रोबाच्या देवळाजवळ, मुंबईच्या एका वादकपथकाची बस दरींत कोसळली आणि १३ जण गेले. त्यांत कोंवळीं मुलें होतीं. खोपोलीकर स्वयंसेवक दोर लावून दरींत उतरले. सरकारनें मृतांच्या वारसांना पांच पांच लाखांची मदत जाहीर केली. ही मदत स्तुत्यच आहे. पण ती कृपा आहे, भरपाई हा हक्क आहे, आणि एक मिळाली म्हणून दुसरा बुडत नाहीं. ज्या शिंग्रोबापुढें ड्रायव्हर आजही हात जोडतात, त्या धनगरानें इंग्रजांना घाटाची वाट दाखविली व बक्षीस म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी लोककथा आहे. वाट दाखविणाऱ्याची ती गति, मग वाटेंत पडणाऱ्यांची दाद कोण घेणार, ही समजूत या मुलखांत खोल रुजली असल्यास नवल नाहीं.

ती समजूत मोडावयाची तर घरोघरीं थोडी माहिती हवी. जखमीस इस्पितळांत पोंचविणाऱ्यास पोलीस छळूं शकत नाहींत. कायद्यानें त्याला संरक्षण दिलें आहे. प्रथम खबर, पंचनामा, शवचिकित्सेचा अहवाल, इस्पितळाचीं बिलें, गाडीच्या नोंदणीची व विम्याची नक्कल हे कागद जपून ठेवावे. दुःखाच्या भरांत कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या वकीलपत्रावर सही करूं नये. आणि घरीं येणारी मोलकरीण किंवा दूधवाला अशा प्रसंगांत सांपडला तर त्याला तालुक्याच्या न्यायालयांतील विधि सेवा समितीचें दार दाखवावें. १८५५ सालीं जन्मलेला हक्क या घाटाच्या पायथ्याला पोंचण्यास दीडशें वर्षें लागलीं आहेत. शेवटचीं चार पावलें कायदा चालूं शकत नाहीं. तीं जाणत्या शेजाऱ्यानेंच चालावयाचीं असतात.