तुटलेली शास्त्रे पुन्हा जुळतात

पुसेगाव म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे सातारा जिल्ह्यातले पुसेगाव येते. आज आपण बोलणार आहोत ते हिंगोली जिल्ह्यातल्या, सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावाच्या निमित्ताने. त्या गावाच्या पायाखालचा खडक, डोक्यावरचे आभाळ आणि ह्या दोहोंचा एकत्र विचार करणारी विद्या, हा आजचा विषय. ह्या विद्येला विद्यापीठांतून पृथ्वी-प्रणाली-शास्त्र म्हणतात. नाव जरा जड आहे, पण गोष्ट घरचीच आहे.

ह्या भागात विहीर खणायला घेतली म्हणजे आधी काळी माती लागते. मग चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग कच्चा पाषाण आणि शेवटी सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा पाषाण. मधेच कुठे गेरूसारख्या तांबड्या मातीचा पट्टा लागतो. आता प्रश्न असा, की पाणी कुठे लागेल आणि किती दिवस टिकेल? खडकाला भेगा किती, हे भूगर्भशास्त्र सांगेल. पाऊस किती, हे हवामानशास्त्र सांगेल. त्यातला मुरला किती नि वाहून गेला किती, हे मातीचे शास्त्र सांगेल. शेजाऱ्याने हळदीसाठी बोअर किती खोल नेली, हे मात्र कोणतेच शास्त्र विचारत नाही. ते गावाला ठाऊक असते! म्हणजे विहीर एक, पण तिच्या पाण्याचे उत्तर चार दप्तरांत वाटलेले. ही वाटणी कशी झाली आणि आता ती पुन्हा कशी जुळू लागली आहे, तो इतिहास ऐकण्यासारखा आहे.

आपल्या जुन्या शेतकऱ्याजवळ अशी वाटणी नव्हती. मृग, आर्द्रा, हस्त ह्या नक्षत्रांवर त्याची पेरणी नि राखण चाले. सहदेव-भाडळीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ठोकताळ्यांत वारा, ढग, मुंग्या, पाखरे सगळेच एकत्र येत. ह्या ज्ञानाचे बळ म्हणजे ते तुटक नव्हते. उणेपणा असा, की त्यात मोजमाप नव्हते. अंदाज चुकला तर का चुकला, हे तपासायची सोय नव्हती.

मोजमाप आले ते कंपनी सरकारच्या काळात. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री सायक्स ह्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमले. ह्या माणसाने काय काय पाहावे? खडक पाहिले, हवेचा दाब मोजला, पावसाच्या नोंदी ठेवल्या, पक्षी नि नद्यांतले मासे वर्णन केले, गावांची आणि पिकांचीही माहिती जमवली. दख्खनच्या हवामानावरचा त्याचा निबंध १८३५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. आपल्या काळ्या पाषाणाला 'डेक्कन ट्रॅप' हे नाव मिळण्यात त्याचा मोठा वाटा आहे. ट्रॅप हा शब्द पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात ना, त्यावरून. प्रत्येक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक थर. आजच्या मोजणीप्रमाणे हे थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत आणि सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्यांनी आजही व्यापला आहे.

सायक्सच्या हाती सगळे विषय होते, पण एकटा माणूस प्रत्येकात खोल कुठवर जाणार? म्हणून पुढे खाती वेगळी झाली. १८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण निघाले, १८७५ साली हवामान खाते निघाले. गंमत अशी, की हवामान खात्याचा पहिला प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड हा मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ! खडकांच्या सर्वेक्षणात काम करून तो हवामानाकडे वळला. १८७६ ते १८७८ चा भयंकर दुष्काळ त्याच्या डोळ्यांसमोर होता. हिमालयावर बर्फ जास्त पडले तर पुढचा मान्सून दुबळा होतो, असा संबंध त्याने १८८४ साली मांडला. डोंगर, बर्फ आणि पाऊस एका विचारात बांधण्याचा हा आपल्या देशातला फार मोलाचा प्रयत्न होय.

त्यानंतर १९०४ साली गिल्बर्ट वॉकर हा गणिती त्या खात्याचा प्रमुख झाला. जगभरच्या नोंदी ताडून त्याने दाखवले, की पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब एका बाजूला चढला की दुसऱ्या बाजूला उतरतो, आणि आपल्या पावसाशी त्याचे नाते आहे. पण समुद्र तापतो आणि हवा हलते ह्या दोन गोष्टी एकाच साखळीच्या कड्या आहेत, हे बियर्कनेस ह्या शास्त्रज्ञाने नीट उलगडायला १९६९ साल उजाडले. तापलेल्या समुद्राच्या त्या अवस्थेलाच आपण आज एल निनो म्हणतो. १९७२ चा दुष्काळ आठवणारी म्हातारी मंडळी अजून आहेत. त्या वर्षी पॅसिफिकमध्ये एल निनो होता. सुकडी नि खडी फोडण्याचे दिवस ज्यांनी काढले, त्यांना त्या दूरच्या समुद्राचे नावही ठाऊक नव्हते.

एकीकडे खाती वेगळी, दुसरीकडे महाविद्यालयातले वर्गही वेगळे. भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी खडक फोडी, पण पर्जन्यमापक त्याने हाती धरलेला नसे. शेतकीचा पदवीधर माती तपासी, पण तिच्याखालच्या पाषाणाशी त्याची ओळख नसे. ह्या वाटणीने प्रत्येक शास्त्र खोल गेले, हे मान्य केलेच पाहिजे. पण निसर्ग काही आपले वेळापत्रक बघून वागत नाही. महाराष्ट्राला हे तीन प्रसंगांनी शिकवले.

पहिला प्रसंग कोयनेचा. धरणात १९६२ पासून पाणी साठू लागले आणि ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे मोठा भूकंप झाला. साठवलेल्या पाण्याचा भार नि दाब खोल भेगांपर्यंत पोचून भूकंपाला निमित्त होऊ शकतो, ह्याचे कोयना हे जगातले ठळक उदाहरण ठरले. प्रश्न पाण्याचा की खडकाचा? दोन्हींचा. दुसरा प्रसंग १९७२ च्या दुष्काळाचा. त्या काळात महाराष्ट्रात भूजलाच्या सर्वेक्षणासाठी स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. खडक पाहणारे आणि पाणी मोजणारे एका कचेरीत आले.

तिसरा प्रसंग मराठवाड्याच्या काळजावरचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, किल्लारी परिसर हादरला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. दख्खनचे पठार म्हणजे स्थिर भूमी, इथे मोठा भूकंप व्हायचा नाही, अशी तोवर समजूत होती. पुढे किल्लारीजवळ खोल भोक घेऊन पाहिले तेव्हा ३३८ मीटरवर काळा पाषाण संपला आणि खाली फार जुना खडक लागला. कोयनेजवळ हाच काळा पाषाण १२०० मीटरहून अधिक जाड आहे. २००२ साली देशाचा भूकंपधोक्याचा नकाशा सुधारला, तेव्हा सर्वांत कमी धोक्याचा पहिला पट्टाच काढून टाकण्यात आला. किल्लारीत माणसे गेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंतींखाली. म्हणजे खडकाच्या शास्त्राला घरबांधणीची जोड नसेल, तर ते शास्त्र जीव वाचवू शकत नाही.

जगातही ह्याच सुमारास विचार पालटत होता. रशियाच्या व्हर्नाड्स्कीने १९२६ मध्येच, सजीवसृष्टी ही पृथ्वीला घडवणारी शक्ती आहे, असे मांडले होते. १९५८ साली कीलिंगने हवाई बेटावर हवेतला कर्बवायू मोजायला सुरुवात केली. तेव्हा दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते. २०२४ साली ते ४२० च्या वर गेले. १९८३ साली अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, म्हणजे नासाने, ब्रेदरटन ह्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. तिने १९८६ साली एक आकृती प्रसिद्ध केली. हवा, समुद्र, माती, सजीव आणि माणूस अशी घरे काढून त्यांना बाणांनी जोडले होते. पृथ्वी-प्रणाली-शास्त्र हे नाव ह्या कामातून रूढ झाले. १९९२ मध्ये अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने ह्याच नावाचा अनेक विषयांना जोडणारा अभ्यासक्रम काढला. आपल्याकडे २००६ साली केंद्र सरकारात पृथ्वी विज्ञान मंत्रालय झाले. हवामान खाते आणि १९६२ पासून पुण्यात असलेली उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था त्याच्या छत्राखाली आल्या. पुण्याच्या आयसर संस्थेत पृथ्वी आणि हवामान ह्यांचा एकत्र विभाग आहे. आणि आपल्या जवळ, नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूशास्त्र संकुल आहे.

बाणांनी जोडणे म्हणजे काय, ते काळ्या मातीच्या उदाहरणाने बघू. पावसाचा थेंब पडताना हवेतला कर्बवायू थोडा विरघळवून आणतो. मातीतली मुळे त्यात आणखी भर घालतात. असे किंचित आंबट पाणी काळ्या पाषाणाला हळूहळू झिजवते. पाषाणातला चुना सुटतो. काही चुना नदीतून समुद्राला जातो, काही उन्हाळ्यात मातीतच खड्यांच्या रूपाने बसतो. नांगराच्या फाळाला लागणारा चुनखडीचा खडा म्हणजे असा खडक, पाणी, हवा आणि मुळे ह्या चौघांचा हिशेब आहे. हा हिशेब एका शास्त्राच्या वहीत मावत नाही.

आपल्या जिल्ह्यात आज ह्या विद्येची गरज किती आहे? वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदे परिसरात जमिनीतून गूढ आवाज येतात, हे गेली काही वर्षे आपण ऐकतो. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी आणि पुन्हा १० जुलै २०२४ रोजी सकाळी हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. पावसाचे पाणी भेगांत शिरून असे लहान धक्के बसू शकतात, असे शास्त्रज्ञ म्हणतात. पण एखाद्या गावाबाबत ते खरे की नाही, हे पाऊस, भूजल आणि भूकंपमापन ह्यांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय ठरत नाही. त्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभारायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने तिला २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. अतिसूक्ष्म थरथर मोजायची, म्हणून जागा निवडताना जमिनीची हालचाल तपासावी लागली. पाहायचे आकाशात, आणि आधी विचारायचे जमिनीला!

ह्यावर कोणी म्हणेल, 'सगळे थोडे थोडे शिकून पोरगं कशातच पक्कं व्हायचं नाही.' ही शंका रास्त आहे, आणि सायक्सपासूनचा इतिहास तिला दुजोराही देतो. म्हणून चांगल्या अभ्यासक्रमात गणित, पदार्थविज्ञान आणि रसायन ह्यांचा पाया आधी घालतात. मग एक विषय खोल शिकवतात आणि बाकीच्यांची भाषा समजेल इतकी ओळख करून देतात. जोडीला शिवारातली प्रत्यक्ष मोजणी असते. असा पदवीधर सगळी उत्तरे एकटा देणार नाही, पण प्रश्न कोणाकोणाला विचारायचा आणि उत्तरे कशी जुळवायची, हे त्याला कळेल. विहिरीच्या जागेवरून पैसे बुडवलेल्या कुटुंबाला ह्याची किंमत सांगायला नको.

राहता राहिला शिक्षकांचा भाग. ह्या विद्येला लागणारी पहिली सवय शाळेतच लागते. शाळेच्या अंगणात एक पर्जन्यमापक ठेवावा. रोज सकाळी ठरल्या वेळी मुलांनी मिलिमीटर लिहावेत. गावातल्या दोन-तीन विहिरींच्या पाण्याची पातळी महिन्यातून एकदा दोरीने मोजावी. पेरणी, फुलोरा, गारपीट, धक्का, जे घडेल ते तारखेसह त्याच वहीत उतरवावे. मास्तर बदलले तरी वही शाळेतच राहावी. दहा वर्षांनी ती वही विद्यापीठात शिकायला गेलेल्या आपल्याच एखाद्या मुलीच्या हाती पडली, तर पुसेगावच्या पावसाचा आणि पाण्याचा मेळ तिला तिथल्या आकड्यांवरूनच घालता येईल. पुढचा पावसाळा सुरू होण्याआधी ही वही घालता आली तर पाहा.