गृहबांधणीपूर्व विमा व भूमिसिद्धता (वांद्रे)

स्वतःच्या जागेवर स्वतःसाठी घर बांधू इच्छिणाऱ्याने पाया खणण्यापूर्वी जमिनीची आणि कामातून उद्भवू शकणाऱ्या दायित्वाची जी तजवीज करावयाची असते, तिचा समावेश या विषयात होतो. वांद्र्यात असे घर आता विरळाच. जे उभे राहते ते बहुधा रानवर, चिंबई, चुईम, पाली यांसारख्या गावठाणांत, जुने घर उतरवून, शेजाऱ्याच्या भिंतीला जवळजवळ भिंत भिडवून, अथवा पाली हिलच्या उतारावरील एखाद्या जीर्ण बंगल्याच्या जागी. परिणामी येथे मालकाची मोठी जोखीम स्वतःच्या अपुऱ्या घराची नसून शेजाऱ्याच्या उभ्या घराची असते, आणि नेमकी तीच सर्वाधिक दुर्लक्षिली जाते.

आरंभ मिळकत पत्रिकेपासून व नगर भूमापन कार्यालयाच्या मोजणीपासून करावा, कारण गावठाणातील सरहद्दी वहिवाटीने सरकलेल्या असतात. त्यानंतर मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ अन्वये नोटीस देऊन नकाशे दाखल करणे, १९६६ च्या नगररचना अधिनियमाखालील प्रारंभ प्रमाणपत्र मिळविणे, झाड आड येत असल्यास १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली परवानगी घेणे, समुद्रालगत किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध आणि सांताक्रूझ विमानतळामुळे येणारी उंचीची मर्यादा पाहणे, ही कामे येतात. प्रारंभ प्रमाणपत्र प्रथम जोत्यापर्यंतच देण्याचा आणि जोते तपासल्यावर पुढे वाढविण्याचा प्रघात आहे.

भूमीचा प्रकार ठिकाणागणिक पालटतो. टेकडीवर बेसॉल्टचा कातळ लवकर लागतो. तो फोडताना बसणारे हादरे शेजारच्या जुन्या भिंतींना तडे पाडू शकतात. मिठी नदी व माहीमची खाडी यांच्या बाजूस मात्र भराव आणि चिखलमाती असल्याने छिद्रे घेऊन माती परीक्षण केल्यावाचून पायाचा आराखडा करणे हे निव्वळ धाडस होय. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. उघडा खड्डा पावसाळ्यात ठेवण्याचा अर्थ यावरून उमगावा. खणतीच्या कडांना आधार आणि उपशाचे पंप यांची सोय मे महिन्याआधीच झालेली बरी.

विम्याचा मुख्य प्रकार म्हणजे कंत्राटदाराचा सर्व-जोखीम विमा. त्याच्या एका भागात कामाची व साहित्याची हानी, तर दुसऱ्या भागात परक्याच्या जीविताची व मालमत्तेची भरपाई येते. हा दुसरा भाग पुरेशा रकमेचा घ्यावा, विमापत्रात मालकाचेही नाव असावे आणि सदोष आराखडा दुरुस्त करण्याचा खर्च सामान्यतः वगळलेला असतो हे ध्यानी ठेवावे. मजुरांसाठी अपघात भरपाईचा स्वतंत्र विमा काम सुरू होण्यापूर्वी काढण्याची अट पालिकेच्या मंजुरीपत्रात नेहमी असते. १ एप्रिल २०२१ पासून प्रचलित झालेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी राहत्या घरासाठी असून ती बांधकामाच्या विम्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय नव्या इमारतीचे स्वाभाविक खचणे व तडे तीत मोडत नाहीत. विमारक्कम पुनर्बांधणीच्या खर्चावर ठरवावी. वांद्र्यात जमिनीचे मोल बांधकामाच्या कित्येक पट असते, आणि जमीन जळत नाही.

भिंत पाडण्यास हात घालण्यापूर्वी शेजारच्या घरांचा छायाचित्रांसह पंचनामा करून त्यावर त्या-त्या मालकांच्या सह्या घ्याव्यात. जुना तडा कोणता आणि नवा कोणता, हा वाद उपस्थित झाल्यास हाच दस्तऐवज विमा कंपनीच्या सर्वेक्षकापुढे ठेवावा लागतो.